राखून मारलेली उडी



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्या आमच्या सरांनी १९६८ सालची दिवाळीची सुट्टी संपल्यावर शाळेच्या मैदानात आम्हाला एक गोष्ट करून दाखवली होती. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. सुट्टीत सरांनी मेक्सिको ऑलिंपिकच्या बातम्यांची कात्रणं जपून ठेवली होती. ती खिशात घालून, कापडी टेप आणि फक्कीची बादली घेऊन ते मैदानात आले. निंबाच्या झाडाजवळ त्यांनी एक रेघ मारली. तिथून टेप ताणत गेले आणि खूप लांब जाऊन फक्कीनं पाच आडव्या रेघा ओढल्या. पहिली १७.१० मीटरवर, दुसरी १७.२२ वर, तिसरी १७.२३ वर, चौथी १७.२७ वर आणि पाचवी १७.३९ वर. दुसरी आणि तिसरी रेघ एकमेकींत मिसळून गेल्या, कारण दोन्हींमधलं अंतर एक सेंटिमीटर आणि फक्कीची रेघ दोन बोटं जाड. आमच्यातला एक जण म्हणाला, सर, तुम्ही चारच रेघा मारल्या. सर म्हणाले, पाचच आहेत, नीट बघ.

दोन दिवसांत तिहेरी उडीचा जागतिक विक्रम पाच वेळा मोडला गेला होता. निंबापासून त्या शेवटच्या रेघेपर्यंतचं अंतर म्हणजे आमच्या शाळेच्या दोन वर्गखोल्या आणि वर व्हरांड्याचा तुकडा. ते अंतर एका माणसानं तीन पावलांत कापलं होतं. आम्ही सगळ्यांनी धावत जाऊन प्रयत्न केला. कुणाला सात पावलं लागली, कुणाला आठ. त्या माणसाचं नाव विक्टर सानेयेव. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे. हा विषय सरांनीच मला दिला होता असं मी मानतो.

आधी ही उडी काय आहे ते थोडं सांगतो. ज्यानं लहानपणी लंगडी खेळली आहे त्याला तिचा पहिला भाग शिकवावा लागत नाही. धावत यायचं, फळीवर ज्या पायानं झेप घेतली त्याच पायावर उतरायचं. ही झाली लंगडी. मग त्या पायानं उसळून दुसऱ्या पायावर उतरायचं. ही ढांग. आणि त्या दुसऱ्या पायानं वाळूत उडी. हॉप, स्टेप, जंप. सांगायला एवढंच आहे. पण पुरुष खेळाडू फळीवर येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला दहा मीटरच्या आसपास असतो. लंगडीनंतर तो एकाच पायावर उतरतो, तेव्हा त्या पायावर क्षणभर त्याच्या वजनाच्या दहापटीहून जास्त भार येतो. घोटा, गुडघा, कंबर, सगळं त्या एका क्षणाला पणाला लागतं. म्हणून या खेळात गुडघे आणि टाचा लवकर जातात आणि म्हणून या खेळात क्वचितच कुणी फार वर्षं टिकतं.

सरांचं एक म्हणणं होतं. नवशिका मुलगा लंगडीत सगळं उधळतो. उंच जातो, लांब जातो, बघणारे टाळ्या वाजवतात आणि खाली उतरल्यावर त्याचा पाय बसतो. मग ढांग कसली, तो नुसता सावरतो, आणि उडी तर उरतच नाही. सर ओरडायचे, "अरे, ढांगेला काही राखलंस का?" तिहेरी उडीत जिंकणारा माणूस पहिल्या झेपेला थोडं राखतो आणि मधली ढांग पूर्ण लांबीची, न घाबरता, न घाई करता टाकतो. टाळ्या त्या ढांगेला मिळत नाहीत. टेप मात्र तीही मोजतो. सानेयेवच्या कारकिर्दीबद्दल जे मला सांगायचं आहे ते सगळं या 'राखणं' या शब्दात आहे, आणि ते मी त्याच्या उड्यांच्या आकड्यांवरूनच दाखवणार आहे.

सानेयेवचा जन्म ३ ऑक्टोबर १९४५ चा, काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरच्या सुखुमी शहरातला. सुखुमी म्हणजे अबखाझियाची राजधानी. अबखाझिया तेव्हा सोव्हिएत संघातल्या जॉर्जियाचा भाग होता. हवा उष्ण, दमट. लिंबू, संत्री, चहा पिकवणारा प्रदेश. घरची गरिबी होती. वडील अंथरुणाला खिळलेले होते आणि विक्टर पंधरा वर्षांचा असताना ते गेले. तो शिकायला वसतिगृहाच्या शाळेत होता. तिथं तो उंच उडी मारायचा, बास्केटबॉल खेळायचा. आकोप केर्सेल्यान नावाच्या प्रशिक्षकानं त्याला तिहेरी उडीकडे आणलं. १९६४ साली युरोपातल्या कनिष्ठ खेळाडूंच्या स्पर्धेत त्याला लांब उडी आणि तिहेरी उडी अशा दोन्हींत रौप्य मिळालं. त्यानंतर दुखापत झाली, आणि काही काळ तर खेळ सुटतो की काय अशी अवस्था आली. पुढं त्यानं लांब उडी बाजूला ठेवली आणि तिहेरी उडीवर मन एकाग्र केलं. त्याच्या शिक्षणाची एक गोष्ट मला फार आवडते. त्यानं उष्ण प्रदेशातल्या शेतीचं शिक्षण घेतलं. लिंबाच्या झाडाला फळ यायला किती वर्षं लागतात हे माहीत असलेला माणूस उड्या मारत होता.

आता मेक्सिको. सरांच्या त्या पाच रेघांकडे पुन्हा येऊ.

१६ ऑक्टोबर १९६८ ला पात्रता फेरी झाली. तोपर्यंतचा जागतिक विक्रम पोलंडच्या युझेफ श्मिटचा होता, १७.०३ मीटर, ऑगस्ट १९६० चा. सतरा मीटर ओलांडणारा तो पहिला माणूस. रोम आणि टोकियो अशी दोन ऑलिंपिक सुवर्णंही त्याचीच. त्याचा विक्रम आठ वर्षं टिकला होता. इटलीच्या जुझेप्पे जेंतिलेनं पात्रता फेरीतच तो मोडला, १७.१०. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत पहिल्याच प्रयत्नात त्यानं १७.२२ मारली. दोन दिवसांत दोन विक्रम करणाऱ्या खेळाडूसमोर बाकीच्यांचं मन खचतं, हे मी मैदानावर अनेकदा पाहिलं आहे. पुढची उडी घेणारा माणूस जोर वाढवतो, फळीवर जोरात आपटतो, आणि लंगडीतच संपतो.

तिसऱ्या प्रयत्नात सानेयेवनं १७.२३ मारली. एक सेंटिमीटर पुढं. सरांच्या मिसळून गेलेल्या रेघा त्या याच. पाचव्या प्रयत्नात ब्राझीलचा नेल्सन प्रुदेन्सिओ १७.२७ गेला. आता शेवटचा, सहावा प्रयत्न. एकच उडी उरलेली, आणि समोरचा आकडा असा, जो त्या दिवसापर्यंत जगात कुणीच गाठला नव्हता. सानेयेवनं १७.३९ मारली.

मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवर आहे, हवा विरळ आहे. धावपट्टी सिंथेटिक होती आणि ऑलिंपिकमध्ये अशी धावपट्टी त्या वेळी पहिल्यांदाच वापरली गेली. सानेयेवच्या दोन्ही विक्रमी उड्यांना आणि प्रुदेन्सिओच्या उडीला पाठीमागून येणारा वारा सेकंदाला बरोबर दोन मीटरचा नोंदला गेला, म्हणजे विक्रमासाठी चालणाऱ्या मर्यादेच्या अगदी काठावर. हे सगळं खरं आहे आणि सांगायलाच हवं. पण वारा आणि उंची त्या दिवशी सगळ्यांनाच मिळाली होती. श्मिटचा जुना विक्रम त्या अंतिम फेरीत पाच जणांनी ओलांडला. स्वतः श्मिट १६.८९ गेला, टोकियोमध्ये त्याला सुवर्ण मिळवून देणाऱ्या १६.८५ पेक्षाही हे जास्त. तो सातवा आला. जुझेप्पे जेंतिलेनं दोन वेळा जगातला सर्वोत्तम होऊन कांस्य नेलं, आणि पुढच्याच वर्षी पासोलिनीच्या 'मेदेआ' या चित्रपटात मारिया कॅलाससमोर जेसनची भूमिका केली. हे मी सांगतो आहे ते करमणुकीसाठी नव्हे. त्या दुपारी हरलेली माणसंही किती मोठी होती हे लक्षात आल्याशिवाय सहाव्या उडीचं वजन कळत नाही.

त्या सहाव्या उडीत सानेयेवनं नवीन काही केलं नाही. सोव्हिएत प्रशिक्षक विटोल्ड क्रेर स्वतः १९५६ आणि १९६० च्या ऑलिंपिकमध्ये या उडीचं कांस्य मिळवलेले. त्यांच्याकडून शिकलेली लयच त्यानं वापरली. सगळ्यांनी जोर लावला तिथं त्यानं लय सांभाळली आणि ढांगेसाठी राखून ठेवलं.

म्युनिकबद्दल फार बोलत नाही. १९७२ साली तिथं त्यानं पहिल्याच प्रयत्नात १७.३५ मारली, पूर्व जर्मनीचा योर्ग ड्रेमेल पुढं १७.३१ पर्यंत आला, आणि चार सेंटिमीटरनं दुसरं सुवर्ण राहिलं. याच ड्रेमेलनं आदल्या वर्षी हेलसिंकीत युरोपीय विजेतेपद सानेयेवकडून घेतलं होतं. आणि त्याच १९७१ मध्ये क्युबाच्या पेद्रो पेरेझ दुएन्यासनं १७.४० मारून जागतिक विक्रमही नेला होता. पुन्हा एक सेंटिमीटर! १७ ऑक्टोबर १९७२ ला, मेक्सिकोच्या त्या दिवसाला बरोबर चार वर्षं झाली तेव्हा, सानेयेवनं सुखुमीत, आपल्या गावच्या मैदानावर, १७.४४ मारून तो परत आणला. जगज्जेते खेळाडू मोठमोठ्या शहरांत विक्रम करतात. यानं तो घरी केला.

१९७५ मध्ये मात्र असं काही घडलं की त्यानंतर दुसरा कुणी खेळ सोडून देता तर त्याला दोष देता आला नसता. पुन्हा मेक्सिको शहर, पुन्हा ऑक्टोबर. ब्राझीलचा एकवीस वर्षांचा जुआँव कार्लोस द ऑलिव्हेरा १७.८९ गेला. विक्रम एकदम ४५ सेंटिमीटरनं पुढं गेला. ज्या उडीत माणसं एकेका सेंटिमीटरसाठी वर्षं घालवत होती तिथं ही हातभर झेप. सानेयेव तेव्हा तिशीत होता, आणि टाचेचं, पायाचं दुखणं या उडीत सगळ्यांच्या पाचवीला पुजलेलंच असतं. पुढच्या वर्षी माँट्रियलला अमेरिकेचा जेम्स बट्स १७.१८ मारून पुढं होता. पाचव्या प्रयत्नात सानेयेवनं १७.२९ मारली. तिसरं सुवर्ण. ऑलिव्हेराला १६.९० वर कांस्य मिळालं.

मित्रहो, विक्रमाची उडी आणि जिंकणारी उडी यांतला फरक मला माँट्रियलच्या या आकड्यांत सगळ्यात स्पष्ट दिसतो. १७.८९ ही ऑलिव्हेराची अलौकिक उडी होती, ती खोटी नव्हती. पण चार वर्षांतून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासाला, दुसरा पुढं असताना, उरलेल्या दोन उड्यांतून आपली उडी काढणं हे वेगळं सामर्थ्य आहे. ते सामर्थ्य सानेयेवकडे होतं आणि त्याला आमच्या क्रीडाशिक्षणात नावसुद्धा नाही. आम्ही मुलांचा सर्वोत्तम आकडा वहीत लिहितो. मागं पडल्यावर त्यानं काय मारलं हे कुणी लिहीत नाही. सर लिहायचे. त्यांच्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढं सहाही उड्या असायच्या, फाऊलसकट.

आणि आता मॉस्को. इथं मला थोडं थांबावं लागेल.

१९८० च्या ऑलिंपिकचं आपल्याकडे स्मरण आहे ते हॉकीच्या सुवर्णामुळं. अमेरिकेनं बहिष्कार टाकला होता. उद्घाटनाच्या दिवशी लेनिन स्टेडियममध्ये मशाल घेऊन सानेयेव आला आणि ती त्यानं बास्केटबॉलपटू सेर्गेई बेलोवच्या हाती दिली. बेलोवनं ज्योत पेटवली. सानेयेव ३४ वर्षांचा होता. त्यानं ते सुवर्ण घेतलं असतं तर एकाच मैदानी प्रकारात सलग चार ऑलिंपिक सुवर्णं झाली असती. असं तोवर फक्त थाळीफेकीतल्या अमेरिकेच्या अल ओर्टरनं केलं होतं. त्याचं चौथं सुवर्ण मेक्सिकोचंच, सानेयेवचं जिथं पहिलं.

अंतिम फेरीत ऑलिव्हेरा आणि ऑस्ट्रेलियाच्या इयान कॅम्पबेलच्या बहुतेक उड्या पंचांनी फाऊल दिल्या. कॅम्पबेलच्या एका फार लांब उडीत मागचा पाय जमिनीला घासला, असा निर्णय झाला. तेव्हाचा नियम तसा होता. लंगडीत किंवा ढांगेत हवेत असलेला दुसरा पाय जमिनीला टेकला तर उडी बाद. कॅम्पबेलचं म्हणणं होतं की पाय घासला नाही. वाळू सारखी केली गेली, उडी मोजली गेलीच नाही. सोव्हिएत खेळाडूंना, विशेषतः सानेयेवला, वाट करून देण्यासाठी हे घडलं असा आरोप तेव्हाही झाला आणि आजही होतो. सुवर्ण मात्र गेलं एस्टोनियाच्या याक ऊदमेकडे, १७.३५. तोही सोव्हिएत संघाकडूनच खेळत होता. ऑलिव्हेरा १७.२२. सानेयेवनं आपल्या शेवटच्या प्रयत्नात १७.२४ मारली आणि दोन सेंटिमीटरनं रौप्य घेतलं.

या निकालावरची सावली मी झाकणार नाही, कारण मी स्वतः फळीजवळ झेंडे घेऊन बसलेला माणूस आहे. १९७९ सालची गोष्ट. एका जिल्हा स्पर्धेत मी पहिल्यांदाच पंच होतो. एका मुलानं ढांग टाकली आणि मला त्याच्या मागच्या पायाखाली मुरमाची धूळ उडाल्यासारखी वाटली. मी लाल झेंडा उचलला. तो मुलगा वाळूत बसलेला होता, आपल्या टाचांच्या खुणेकडे बघत. मग फावडी आली आणि वाळू सारखी झाली. तो काही बोलला नाही. त्या रात्री मला स्वतःला विचारावं लागलं, धूळ पायानं उडाली की वाऱ्यानं? मला आजही माहीत नाही. खूण पुसली गेल्यावर पंचालाही काही कळायचा मार्ग राहत नाही. पुढं तो नियमच बदलला. आता मागचा पाय टेकला तरी उडी बाद होत नाही. नियम बदलल्याचं मी वाचलं तेव्हा मला त्या मुलाची आठवण आली, आणि मॉस्कोची.

म्हणून मॉस्कोच्या अंतिम फेरीबद्दल मी न्यायाधीश होत नाही. इतकंच म्हणतो की कॅम्पबेल आणि ऑलिव्हेराच्या त्या उड्या मोजल्या जायला हव्या होत्या. आणि त्याच दुपारी, चौतीस वर्षांचा सानेयेव चौथ्या ऑलिंपिकच्या शेवटच्या प्रयत्नात पूर्ण आपल्या जुन्या लयीत धावत येऊन १७.२४ गेला, हेही तितकंच खरं आहे. मेक्सिकोतली १७.२३ आणि मॉस्कोतली १७.२४. मध्ये बारा वर्षं आहेत. टाच, गुडघा, पाठ यांची बारा वर्षं. सरांच्या फक्कीच्या रेघेनं ही दोन्ही अंतरंही एकच दाखवली असती.

ऑलिव्हेराचं पुढं काय झालं ते सांगायला जड जातं. १९८१ च्या डिसेंबरमध्ये मोटार अपघातात तो गंभीर जखमी झाला, आणि पुढं त्याचा पाय कापावा लागला. १९९९ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला. त्याचा १७.८९ चा विक्रम अमेरिकेच्या विली बँक्सनं १९८५ मध्ये मोडला, १७.९७ मारून.

सानेयेवनं मॉस्कोनंतर खेळ सोडला आणि तिबिलिसीत डायनॅमो क्लबमध्ये काम केलं. मग १९९१ आलं. ज्या देशासाठी तो उडाला होता तो देशच उरला नाही. जॉर्जियात यादवी, पगार बंद, आणि १९९२–९३ मध्ये अबखाझियाचं युद्ध. सुखुमी, जिथं त्यानं १७.४४ मारली होती, ते शहर त्या युद्धात उद्ध्वस्त झालं. हजारो लोकांना घरं सोडावी लागली. सानेयेव बायको आणि मुलाला घेऊन ऑस्ट्रेलियात गेला. चाळिशी उलटून गेलेली, भाषा नवी. मिळेल ती कामं केली. घरोघर पिझ्झा पोचवला. एक वेळ अशी आली की ऑलिंपिकची पदकं विकावीत असं त्याच्या मनात आलं. त्यानं ती विकली नाहीत. पुढं त्याला शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचं काम मिळालं, आणि मग न्यू साउथ वेल्सच्या क्रीडा संस्थेत उड्यांचा प्रशिक्षक म्हणून. ३ जानेवारी २०२२ ला सिडनीत त्याचं निधन झालं.

तीन सुवर्णं आणि एक रौप्य मिळवलेला माणूस दारोदार पिझ्झा पोचवतो, यावर लोक हळहळतात. मीही हळहळलो. पण मग मला वाटलं की हळहळायचं असेल तर ते त्या व्यवस्थांबद्दल, ज्या पदक मिळेपर्यंत माणसाला उचलून धरतात आणि नंतर विसरतात. त्याच्याबद्दल नव्हे. त्यानं पिझ्झा पोचवला, पदकं राखली, आणि पुन्हा वाळूच्या खड्ड्याजवळ, मुलांना लंगडी-ढांग-उडी शिकवायला उभा राहिला. ढांगेवर पाय बसला नाही.

सर आम्हाला हेन्री रिबेलोचीही गोष्ट सांगत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपला हा १९ वर्षांचा मुलगा तिहेरी उडीच्या अंतिम फेरीत पोचला आणि पहिल्याच उडीत मांडीचा स्नायू फाटला. पदक मिळालं नाही म्हणून सर ती गोष्ट सोडत नसत. उलट तीच जास्त वेळा सांगत.

काल संध्याकाळी मी आपल्या शाळेच्या मैदानावर जाऊन आलो. निंब आहे. वाळूचा खड्डा बुजला आहे, त्यावर गवत आलं आहे. लांब उडीसुद्धा आता तिथं होत नाही, असं मुलांनी सांगितलं. व्याख्यानमालेच्या समितीला माझी एक विनंती आहे. या व्याख्यानाचं जे मानधन आपण मला देणार आहात ते मला देऊ नका, त्यातून वाळू आणा. नदीची नको, चाळलेली आणा, खडे नसलेली. खड्डा नऊ मीटर लांब, पावणेतीन मीटर रुंद घ्या. आणि फळी एकच बसवू नका. पुरुषांसाठी तेरा मीटरवर बसवतात, ती मोठ्या मुलांसाठी ठेवा. एक अकरा मीटरवर बसवा आणि एक नऊवर. १९९६ पर्यंत मुलींना ऑलिंपिकमध्ये तिहेरी उडीच नव्हती. आपल्या मैदानावर ती पहिल्या दिवसापासून असू दे. आठवीतल्या मुलीला लंगडी येते, ढांग शिकवायची आहे. फळी लांब असली तर ती वाळूपर्यंत पोचणार नाही, आणि मुरमावर पडली तर दुसऱ्या दिवशी येणार नाही. खड्डा झाला की मला निरोप पाठवा. टेप माझ्याकडे आहे. सरांचाच आहे.